जर्मनीत इंजिनिअरची नोकरी: इथे बसूनच कशी मिळवायची

जर्मनीला जाऊ पाहणारे आपल्याकडचे बहुतेक इंजिनिअर क्रमात चुकतात. आधी शे-दोनशे अर्ज पाठवून होतात, उत्तरं येत नाहीत म्हणून जर्मनचा क्लास लावला जातो, आणि शेवटी एखाद्या कंपनीने विचारलं की डिग्रीच्या मान्यतेसाठी धावपळ सुरू होते. खरा क्रम याच्या बरोबर उलटा आहे. आधी डिग्री तपासायची, मग कागद जमवायचे, भाषा पहिल्या दिवसापासून सोबत चालू ठेवायची आणि अर्ज सगळ्यात शेवटी करायचे. या क्रमाने गेलात तर वर्षभराचा अवधी धरा. घाई करणाऱ्यांना बहुधा त्याहून जास्त वेळ लागतो.

हे सगळं मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल, ऑटोमेशन, सिव्हिल आणि सॉफ्टवेअरवाल्यांसाठी आहे. डॉक्टर, नर्स, फिजिओथेरपिस्ट आणि शिक्षक यांचे पेशे जर्मनीत नियंत्रित आहेत, म्हणजे सरकारी परवान्याशिवाय तिथे कामच करता येत नाही आणि त्यांची वाट वेगळी. इंजिनिअरला कामासाठी असा परवाना लागत नाही. फक्त ‘इंगेनिअर’ ही पदवी नावापुढे लावायला राज्याच्या इंजिनिअर चेंबरची परवानगी लागते, म्हणून ती सहीखाली किंवा व्हिजिटिंग कार्डावर परस्पर छापू नका.

डिग्री तिथे चालते का

अनाबिन नावाची जर्मन सरकारची माहितीसूची इंटरनेटवर फुकट आहे. तिच्यात दोन गोष्टी वेगवेगळ्या शोधायच्या. पहिली संस्था: तिच्यापुढे ‘एच प्लस’ (म्हणजे मान्यताप्राप्त) असा शेरा हवा. दुसरी पदवी: तिच्यापुढे ‘एंटश्प्रिश्ट’ किंवा ‘ग्लाइशवेर्टिश’ असा शेरा हवा. दोन्ही जुळलं तर दोन्ही पानं छापून ठेवा, व्हिसाच्या फाइलला तीच लागतात.

इथे नेहमीची अडचण म्हणजे लोक कॉलेजचं नाव शोधतात. अनाबिनला पदवी देणारं विद्यापीठ हवं असतं, कॉलेज नाही. तुमचं कॉलेज सांगलीचं असो की नाशिकचं, प्रमाणपत्रावर ज्या विद्यापीठाचा शिक्का आहे ते शोधा, आणि नाव बदललं असेल तर जुन्या नावानेही शोधा. पुणे विद्यापीठाचं नाव २०१४ साली बदललं, त्यामुळे दोन्ही नावं टाकून पाहिलेली बरी.

पदवी यादीत नसेल किंवा संस्थेपुढे ‘एच प्लस-मायनस’ असेल, तर बॉनमधल्या झॅब या कार्यालयाकडून तुलनापत्र घ्यावं लागतं. शुल्क २०८ युरो. कागद पूर्ण पोचल्यापासून साधारण तीन महिने धरा. तुमच्याकडे ब्ल्यू कार्डसाठीचा (म्हणजे पदवीधरांना नोकरीवर मिळणाऱ्या निवासपरवान्यासाठीचा) नोकरीचा करार असेल तर हेच काम बरंच लवकर होतं. पण कराराची वाट पाहत थांबू नका. अर्जाच्या पहिल्या पानावर ‘तुलनापत्र हातात आहे’ हे एक वाक्य असलं की लहान कंपनीच्या मनातली अर्धी भीती जाते, कारण परदेशी माणूस घेताना त्यांना कागदपत्रांचीच धास्ती असते.

तंत्रनिकेतनचा डिप्लोमा ही वेगळी गोष्ट. त्याला तिथे विद्यापीठाच्या पदवीचा दर्जा नाही. पण मार्च २०२४ पासून एक वाट खुली झाली आहे: आपल्या देशात सरकारमान्य असलेला किमान दोन वर्षांचा अभ्यासक्रम, गेल्या पाच वर्षांत किमान दोन वर्षांचा त्याच क्षेत्रातला अनुभव, आणि ठरावीक मर्यादेवरचा पगार. असं असेल तर मान्यतेची प्रक्रिया न करताही कामाचा व्हिसा मिळू शकतो.

पगाराची मर्यादा कुठून येते

ब्ल्यू कार्डसाठी किमान पगार दर जानेवारीत बदलतो. तो जर्मन पेन्शनवर्गणीच्या कमाल मर्यादेला जोडलेला आहे: सर्वसाधारण नोकरीसाठी तिच्या ५० टक्के, आणि टंचाईच्या पेशांसाठी किंवा गेल्या तीन वर्षांत पदवी घेतलेल्यांसाठी ४५.३ टक्के. २०२५ साली हे आकडे वर्षाला ४८,३०० आणि ४३,७५९ युरो होते, २०२६ साठी ५०,७०० आणि ४५,९३४. वर सांगितलेल्या अनुभवी डिप्लोमाधारकांसाठी ४५ टक्के. इंजिनिअर आणि आयटीवाले टंचाईच्या यादीत असल्यामुळे त्यांना खालचा आकडा लागू होतो. करार वर्षअखेरीस होणार असेल तर पगार नव्या वर्षाच्या मर्यादेच्या वर आहे ना, हे आधीच पाहा. मर्यादेला अगदी चिकटलेला पगार लिहिला आणि फाइल जानेवारीत उघडली, की व्हिसा अडकतो.

हे सगळे आकडे वार्षिक आणि कापण्याआधीचे आहेत. पेन्शनची ९.३ टक्के वर्गणी, आरोग्यविम्याचा निम्मा वाटा, बेकारीविमा, शुश्रूषाविमा आणि आयकर वजा जाऊन एकट्या माणसाच्या हातात ५५,००० युरोंमागे महिन्याला २,९०० युरोंच्या आसपास पडतात. हिशोब रुपयांत करू नका, शहराच्या भाड्यात करा. म्युनिकमधल्या ६०,००० पेक्षा ओस्टवेस्टफालेन या लहान गावांच्या भागातले ५४,००० महिनाअखेर जास्त उरतात.

आपल्या नावाची आणि अनुभवपत्राची भानगड

मराठी माणसाच्या कागदांत दोन ठिकाणी हमखास घोळ असतो. पहिला नावाचा. मार्कशीटवर आडनाव आधी, पासपोर्टवर वडिलांचं नाव कधी पहिल्या नावाला जोडलेलं तर कधी गायब, आणि लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांच्या डिग्रीवर माहेरचं आडनाव. जर्मन कार्यालयात पासपोर्टवरचं नाव हेच नाव. बाकीच्या प्रत्येक कागदावर ते वेगळं दिसत असेल तर जोडणारा पुरावा हवा: विवाह नोंदणी प्रमाणपत्र, राजपत्रातली नोंद किंवा दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र. हे काम आधी करून ठेवा, व्हिसाच्या आठवड्यात ते होत नाही.

दुसरा घोळ अनुभवपत्राचा. आपल्याकडचं रिलीव्हिंग लेटर चार ओळींचं असतं: हा माणूस अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत होता, वागणूक चांगली. जर्मनीत ‘आर्बाइट्सत्सॉयग्निस’ असतं, ज्यात काय काम केलं, कोणत्या यंत्रांवर, कोणत्या प्रणालींत, किती माणसं हाताखाली आणि काम कसं होतं हे एक-दीड पानात लिहिलेलं असतं. म्हणून सध्याच्या आणि आधीच्या कंपनीकडून कामाच्या तपशिलाचं पत्र लेटरहेडवर मागा. मजकूर तुम्हीच तयार करून दिलात तर एचआर सही करायला तयार होतं. राजीनामा दिल्यावर हे पत्र मागणं अवघड जातं, आधी मागा.

डिग्रीचं अंतिम प्रमाणपत्र हवं, प्रोव्हिजनल नाही. पदवीदानाचा अर्ज कधी केलाच नसेल तर आजच करा. अपोस्टिलसाठी, म्हणजे कागद खरा असल्याच्या सरकारी शिक्क्यासाठी, एजंटला सरसकट पैसे देऊ नका. जे कार्यालय मागेल त्याच्याच सूचनेप्रमाणे, तेवढ्याच कागदाचं करा.

गुणांचं रूपांतर

६६ टक्के किंवा ८.२ सीजीपीए यातून जर्मन माणसाला काही कळत नाही. तिथे १.० सर्वोत्तम आणि ४.० काठावर पास. रूपांतराचं सूत्र असं: कमाल गुणांतून तुमचे गुण वजा करा, त्याला कमाल वजा किमान-उत्तीर्ण या फरकाने भागा, तीनने गुणा आणि एक मिळवा. ८.२ सीजीपीए, कमाल १०, उत्तीर्ण ४ असेल तर १.८ भागिले ६ गुणिले ३ अधिक १, म्हणजे १.९. ६६ टक्के, उत्तीर्ण ४० धरून २.७. लेबेन्सलाउफमध्ये, म्हणजे जर्मन पद्धतीच्या बायोडेटात, मूळ गुण आणि कंसात हा आकडा द्या. टक्केवारी तशीच लिहिली तर ६६ हा आकडा त्यांना सुमार वाटतो, तो तसा नसतो.

भाषा किती

सॉफ्टवेअरमध्ये, बर्लिनसारख्या शहरात, इंग्रजीवर नोकरी मिळते, पण त्या जागांवर जगभरातून उड्या पडतात. यंत्र, इमारत, वीज, कारखाना यांच्याशी संबंधित कामाला बी१ (जर्मनची मधली पातळी) असल्याशिवाय फोनही येत नाही आणि बी२ (त्याच्या वरची) असेल तर चित्र बदलतं. कारण सरळ आहे: कारखान्यात फोरमन, इलेक्ट्रिशियन, सुरक्षानियम आणि ग्राहक सगळे जर्मनमध्ये बोलतात.

नोकरी सांभाळून शून्यापासून बी१ पर्यंत जायला बहुतेकांना वर्ष लागतं. पुणे आणि मुंबईतल्या मॅक्स म्युलर भवनात वर्ग आणि परीक्षा दोन्ही होतात. परीक्षेच्या जागा लवकर भरतात, म्हणून तारीख जाहीर होताच नोंदणी करा. प्रमाणपत्र हातात येईपर्यंत लेबेन्सलाउफमध्ये ‘बी१ चालू, परीक्षा अमुक महिन्यात’ असं लिहा. न बसलेल्या परीक्षेची पातळी लिहू नका, मुलाखतीत पहिल्या दोन वाक्यांत ते उघडं पडतं.

कंपन्या कुठे शोधायच्या

फोक्सवागेनने डिसेंबर २०२४ मध्ये २०३० पर्यंत जर्मनीतल्या ३५,००० जागा कमी करण्याचा करार केला, आणि गाड्यांचे सुटे भाग बनवणारेही माणसं कमी करत आहेत. चाकणच्या पट्ट्यात काम करणाऱ्या पोरांची पहिली नजर मोटारउद्योगाच्या स्टुटगार्टकडे जाते हे समजण्यासारखं आहे, पण सध्या तिथे रांग लांब आहे. त्यांची कौशल्यं मात्र दुसरीकडे हवी आहेत: वीजजाळं, रेल्वे, औद्योगिक ऑटोमेशन, पंप-पंखे, वैद्यकीय उपकरणं.

ही कामं मोठ्या शहरांत नाहीत. ओस्टवेस्टफालेनमध्ये फेर्ल गावात बेकहॉफ, ब्लोमबेर्गला फीनिक्स काँटॅक्ट, डेटमोल्डला वाइडम्युलर, अशा ऑटोमेशनच्या मोठ्या कंपन्या छोट्या गावांत बसल्या आहेत. क्युन्त्सेल्सआऊच्या परिसरात व्युर्थ आणि त्सील-आबेग, मुल्फिंगेनला ईबीएम-पाप्स्ट. टुटलिंगेन शस्त्रक्रियेच्या उपकरणांसाठी प्रसिद्ध. यातल्या बेकहॉफचं भारतातलं मुख्यालय पुण्यातच आहे. ज्या जर्मन कंपनीची इथे शाखा आहे तिथे आधी इथे नोकरी धरून दोन वर्षांनी तिकडे बदली मागणं, ही वाट संथ असली तरी सगळ्यात कमी धोक्याची. जर्मनीतल्या ज्यांच्याबरोबर तुम्ही रोज ईमेलवर बोलता तेच पुढे तुमच्यासाठी शब्द टाकतात.

जाहिरातींसाठी जर्मन रोजगार कार्यालयाचं नोकऱ्यांचं संकेतस्थळ, स्टेपस्टोन, लिंक्डइन आणि कंपन्यांची स्वतःची पानं पुरेशी आहेत. सरकारच्या ‘मेक इट इन जर्मनी’ संकेतस्थळावर व्हिसाची ताजी माहिती असते. शोधताना पदाचं जर्मन नाव टाका: ‘कोन्स्ट्रुक्टर’ (Konstrukteur) म्हणजे डिझाइन इंजिनिअर, ‘इनबेट्रीबनामे’ (Inbetriebnahme) म्हणजे कमिशनिंग. इंग्रजी नावाने शोधलंत तर या गावांमधल्या जागा दिसतच नाहीत.

अर्ज

तीन गोष्टी एकाच पीडीएफमध्ये: एका पानाचं पत्र, दोन पानांचा लेबेन्सलाउफ, त्यामागे प्रमाणपत्रं. आकार पाच एमबीच्या आत. लेबेन्सलाउफमध्ये ताजं आधी, महिना आणि वर्ष दोन्ही. मोकळा काळ लपवू नका. सहा महिने घरच्या आजारपणात गेले असतील तर तसं एका ओळीत लिहा, रिकामी जागा त्याहून वाईट दिसते. वडिलांचं नाव, धर्म, जात, पासपोर्ट क्रमांक यांना तिथे जागा नाही. फोटो चालतो, सक्ती नाही. प्रत्येक नोकरीखाली तीन-चार ओळी, त्यातल्या निदान दोन आकड्यांच्या: सायकल टाइम किती सेकंदांवरून कितीवर आणला, किती पॅनेल कमिशन केले.

पत्रात दोन गोष्टी ते मागतातच. अपेक्षित पगार हा वार्षिक आणि कापण्याआधीचा लिहायचा, महिन्याचा हातात येणारा नाही. कधीपासून येऊ शकता, याचं उत्तर ‘लगेच’ असं देऊ नका. तुमचा नोटीस काळ तीन महिन्यांचा, वर व्हिसा, म्हणजे करारापासून चार ते सहा महिने हे खरं उत्तर. आणि एक वाक्य स्पष्ट: ‘माझी पदवी अनाबिनप्रमाणे समतुल्य आहे, मी ब्ल्यू कार्डसाठी पात्र आहे.’

आठवड्याला आठ-दहा नीट वाचून केलेले अर्ज पुरेत. दोन आठवडे उत्तर नाही आलं तर जाहिरातीत दिलेल्या व्यक्तीला एक छोटा ईमेल पाठवा.

मुलाखतीची वेळ ठरवताना घड्याळ पाहा: उन्हाळ्यात जर्मनी आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे, हिवाळ्यात साडेचार. मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी ही वेळ बदलते आणि दर वर्षी कोणी ना कोणी त्या आठवड्यात तासभर उशिरा जोडला जातो. मुलाखतीत ‘आम्ही केलं’ ही आपली सवय अडचणीची ठरते. टीमने काय केलं ते एका वाक्यात, पुढे ‘त्यातला हा भाग माझा’ असं नेमकं सांगा. येत नसेल तर येत नाही म्हणा आणि जवळचं काय येतं ते सांगा. तिथे हे प्रामाणिकपणाचं लक्षण मानतात.

करार आणि व्हिसा

करारात बघायचं: मुदत आहे की कायम, आठवड्याचे तास, सुट्ट्या, प्रोबेत्साइट (प्रोबेशनचा काळ) आणि ओव्हरटाइमचं कलम. पाच दिवसांच्या आठवड्याला कायद्याने किमान २० दिवस रजा, पण चांगल्या कंपन्या ३० पर्यंत देतात. प्रोबेत्साइट सहा महिन्यांपर्यंत असतो आणि त्या काळात दोन्ही बाजूंना दोन आठवड्यांची नोटीस पुरते. स्थलांतराचा खर्च कंपनी देत असेल तर किती दिवसांत सोडल्यास तो परत करावा लागेल, हे कलम शोधून वाचा. ब्ल्यू कार्डसाठी करार किमान सहा महिन्यांचा हवा.

कंपनीकडून ‘नोकरीविषयक निवेदन’ हा ठरावीक फॉर्म भरून सहीसकट मागा. करार असूनही हा फॉर्म नसल्याने फाइल परत येते. महाराष्ट्र आणि गोव्याचे अर्ज मुंबईच्या जर्मन वाणिज्य दूतावासाकडे जातात. व्हिसाचं शुल्क ७५ युरो, ते रुपयांत घेतात. घाई असेल तर कंपनी तिथल्या परदेशी नागरिक कार्यालयात ४११ युरो भरून जलद प्रक्रिया सुरू करू शकते. हा अर्ज तुम्ही स्वतः करू शकत नाही, कंपनीला सुचवा. लहान कंपन्यांना ही सोय माहीतही नसते.

व्हिसा पासपोर्टवर लागेपर्यंत राजीनामा देऊ नका. नोटीस तीन महिन्यांची आहे म्हणून जर्मन कंपनीशी रुजू होण्याची तारीख ‘व्हिसा मिळाल्यापासून तीन महिने’ अशी ठरवून घ्या, बहुतेक ठिकाणी ते मान्य होतं.

नोकरी न धरता जाण्यासाठी १ जून २०२४ पासून ‘चान्सनकार्टे’ हा नोकरी शोधण्याचा परवाना आहे: एक वर्ष राहून शोधा, आठवड्याला २० तास काम करा. खर्चापोटी २०२५ साली महिन्याला १,०९१ युरो, म्हणजे वर्षाचे १३,०९२ युरो गोठवलेल्या खात्यात दाखवावे लागत. त्यासाठी जमवाव्या लागणाऱ्या सहा गुणांचं बरंच बोललं जातं, पण ज्यांची पदवी पूर्ण समतुल्य आहे त्यांना गुण मोजावेच लागत नाहीत. तरीही बी१ नसताना ही वाट धरू नये. भाडं, विमा आणि मिनी-जॉब यांत वर्ष कधी संपतं कळत नाही, आणि शोध जो इथून फुकट होत होता तो तिथे दर महिन्याला हजार युरोंना पडतो.

नोकरीच्या नावाखाली पैसे मागणाऱ्यांविषयी: जर्मन कंपनी उमेदवाराकडून पैसे घेत नाही. भारतातून परदेशी नोकरीसाठी माणसं पाठवणाऱ्या एजंटला १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखाली नोंदणी लागते आणि त्याला उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी इतकंच घेता येतं. नोंदणी ई-मायग्रेट संकेतस्थळावर तपासता येते. पाच-सात लाख मागणारा कितीही ओळखीचा असला तरी तिथेच थांबा.

पोचल्यावर आणि नोकरी गेली तर

घर मिळाल्यापासून दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी, म्हणजे आनमेल्डुंग. त्यासाठी घरमालकाचं सहीचं पत्र लागतं. हॉटेल किंवा लहान मुदतीची खोली देणारे ते पत्र अनेकदा देत नाहीत, म्हणून खोली घेण्यापूर्वीच विचारा. नोंदणीनंतर कर-क्रमांक टपालाने येतो आणि तो कंपनीला पोचला नाही तर पगारातून सर्वात जास्त दराने कर कापला जातो. पुढे तो परत मिळतो, पण पहिला महिना जड जातो. व्हिसाची मुदत संपण्यापूर्वी निवासपरवान्याची वेळ घ्या, मोठ्या शहरांत ती महिन्यांनी मिळते. आपलं ड्रायव्हिंग लायसन्स सहा महिनेच चालतं.

ब्ल्यू कार्डवर नवरा किंवा बायकोला जर्मन परीक्षेची अट नाही आणि आल्यापासून काम करता येतं. कायम वास्तव्य २७ महिन्यांनी मिळू शकतं, बी१ असेल तर २१ महिन्यांनी.

नोकरी गेली तर तीन मुदती पाळा. कळल्यापासून तीन दिवसांत रोजगार कार्यालयात नोकरी शोधत असल्याची नोंद, नाहीतर बेकारभत्ता कापला जातो. दोन आठवड्यांत परदेशी नागरिक कार्यालयाला लेखी कळवणं. काढणं अन्यायाचं वाटत असेल तर लेखी नोटीस मिळाल्यापासून तीन आठवड्यांत कामगार न्यायालयात दावा, त्यानंतर दार बंद होतं. बेकारभत्त्यासाठी गेल्या ३० महिन्यांत १२ महिने वर्गणी भरलेली लागते. मूल नसेल तर निव्वळ पगाराच्या ६० टक्के, असेल तर ६७. पहिल्याच वर्षात नोकरी गेली तर तो मिळत नाही, म्हणून निघताना तीन महिन्यांचा खर्च बाजूला ठेवा आणि तो फर्निचरवर खर्च करू नका.